पालवणकर बाळू
पालवणकर बाळू (१८७६–१९५५) हे डावखुरे फिरकी गोलंदाज होते. त्यांचा जन्म धारवाड येथे चर्मकार कुटुंबात झाला. पुण्यातील युरोपियन क्लबात मैदानाची निगा राखण्याच्या अल्प वेतनाच्या नोकरीत, इंग्रज फलंदाजांना सरावासाठी चेंडू टाकताना त्यांची गोलंदाजी घडली. पुढे हिंदू संघाने त्यांना घेतले. मैदानावर त्यांच्याच हातचा चेंडू झेलणारे सहकारी चहाच्या वेळी मात्र त्यांना मंडपाबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा देत. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी मिळवले. तरीही जातीमुळे हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच लाभले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. १९३७ च्या मुंबई प्रांतिक निवडणुकीत, एकेकाळी त्यांचा गौरव करणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडून ते पराभूत झाले.