दामोदर हरी चापेकर

दामोदर हरी चापेकर (इ.स. १८६९ – १८ एप्रिल, इ.स. १८९८) हे महाराष्ट्रातील क्रांतिकारक होते. त्यांचे कुटुंब चिंचवड येथे राहत असे. वडील हरी विनायक कीर्तनकार होते.

प्लेगच्या काळात पुण्यात झालेल्या घरझडत्यांमुळे प्लेग समितीचे अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड यांच्याविरुद्ध लोकक्षोभ उसळला. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड येथे दामोदर यांनी रँड यांच्यावर, तर बंधू बाळकृष्ण यांनी लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. दोघेही मृत्यू पावले.

== खटला ==
भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम २५ नुसार पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नसे. दामोदर यांचा ऑक्टोबर १८९७ मधील कबुलीजबाब मात्र दंडाधिकाऱ्यापुढे नोंदविलेला असल्याने त्यांना या तरतुदीचे संरक्षण मिळाले नाही. हल्ला अंधारात झालेला असल्यामुळे हा जबाबच खटल्याचा मुख्य आधार ठरला. पुण्याच्या सत्र न्यायालयाने दिलेली फाशीची शिक्षा मुंबई उच्च न्यायालयाने कायम केली.

येरवडा तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. त्यापूर्वी तेथेच शिक्षा भोगत असलेल्या लोकमान्य टिळकांनी त्यांना भगवद्गीतेची प्रत दिली होती. बाळकृष्ण व धाकटे बंधू वासुदेव यांनाही मे १८९९ मध्ये फाशी झाली.