प्लेगच्या लसीचे जनक : वाल्डेमार हाफकिन

मुंबईतील जुन्या गावठाणांमध्ये, विशेषतः वांद्रे आणि आसपासच्या परिसरात, रस्त्याच्या कडेला उभे असलेले क्रूस आपण सर्वांनी पाहिलेले आहेत. मे महिन्यात त्यांच्यासमोर जपमाळेची प्रार्थना होते, फुलांच्या माळा वाहिल्या जातात. यांपैकी बरेच क्रूस १८९६ नंतरच्या प्लेगच्या वर्षांत आपल्या पूर्वजांनी उभारले. म्हणूनच त्यांना प्लेगचे क्रूस असे म्हणतात. ज्या दिवसांत भाविक या क्रुसांपुढे गुडघे टेकून आजारातून सुटका मागत होते, त्याच दिवसांत भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत एक परदेशी शास्त्रज्ञ रात्रंदिवस काम करीत होते. ते आपल्या धर्माचे नव्हते. ते रशियन साम्राज्यातून आलेले यहुदी होते. त्यांचे नाव वाल्डेमार हाफकिन.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठावरील ओडेसा या शहरात झाला. तेथील विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकत असताना त्यांना एल्या मेचनिकोव्ह हे थोर गुरू लाभले. त्या काळी रशियात यहुद्यांवर वारंवार हल्ले होत. १८८१ मध्ये ओडेसात दंगल उसळली तेव्हा आपल्या लोकांच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांमध्ये हाफकिनही होते. त्यांना अटक झाली आणि मेचनिकोव्ह यांच्या खटपटीमुळे त्यांची सुटका झाली. पुढे प्राध्यापकपदाचा मार्ग त्यांच्यासमोर खुला होता, परंतु त्यासाठी यहुदी धर्म सोडून रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचा स्वीकार करण्याची अट होती. त्यांनी ती नाकारली. नोकरीच्या आमिषाने झालेल्या धर्मांतराला आपणही श्रद्धा म्हणणार नाही. म्हणून त्यांचा हा नकार आपणा ख्रिस्ती वाचकांनाही समजण्यासारखा आहे.

मायदेशात वाव उरला नाही, तेव्हा ते प्रथम जिनिव्हाला आणि १८८९ मध्ये पॅरिसला गेले. तेथे नुकत्याच सुरू झालेल्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना काम मिळाले, पण ते ग्रंथालयातील साहाय्यकाचे. पुस्तके सांभाळून उरलेल्या वेळात ते प्रयोगशाळेत बसत. पॅरामिशियम नावाच्या, पाण्यात राहणाऱ्या एकपेशीय जीवालाही जिवाणूंचा संसर्ग होतो, हे त्यांनी १८९० मध्ये प्रसिद्ध केले. मनुष्य असो, वनस्पती असो की डोळ्यांना न दिसणारा जीव असो, जंतू कोणालाही सोडत नाहीत, हे त्यांनी असे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते.

त्यानंतर ते पटकीकडे, म्हणजे कॉलऱ्याकडे वळले. पटकीचे जंतू गिनीपिगच्या शरीरातून पुनःपुन्हा नेऊन त्यांनी त्यांची शक्ती ठरावीक पातळीला आणली व त्यांपासून लस बनविली. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी हँबुर्ग शहरात पटकीने आठ हजारांहून अधिक माणसे दगावली, यावरून या कामाची निकड लक्षात यावी. भारताचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन त्या वेळी पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत होते. त्यांनी हाफकिन यांना भारतात जाण्याचे सुचविले आणि १८९३ मध्ये ते कलकत्त्यास पोहोचले.

लोक सुईला घाबरत, आणि सरकारी माणसाला त्याहून अधिक. कलकत्त्याच्या एका वस्तीत मार्च १८९४ मध्ये ११६ जणांनी लस घेतली. पुढे त्याच वस्तीत पटकी आली, पण लस न घेतलेल्यांमध्येच. ही वार्ता वस्त्या-वस्त्यांतून पसरली. आसामच्या चहामळ्यांपासून उत्तर भारतापर्यंत फिरून त्यांनी सुमारे ४२ हजार लोकांना लस टोचली. या दगदगीत त्यांना मलेरिया जडला आणि काही काळ इंग्लंडला परतावे लागले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात माणसे तापाने आणि काखेत, जांघेत आलेल्या गाठींनी मरू लागली. हा गाठीचा प्लेग आहे, असे निदान करणारे डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस हे मूळचे गोव्यातील हडफडे गावचे आणि आपल्या ख्रिस्तसभेचे सुपुत्र. अनेकांना आरंभी ते पटले नाही. व्यापारी शहरात असा शब्द उच्चारणे कोणालाच नको होते. परंतु डॉ. व्हिएगस यांचेच निदान खरे ठरले. पुढे ते मुंबई महापालिकेचे अध्यक्षही झाले. धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर असलेला त्यांचा पुतळा आपल्यापैकी किती जणांनी थांबून पाहिला असेल, हा प्रश्नच आहे.

सरकारने हाफकिन यांना ऑक्टोबरमध्ये मुंबईस बोलावले. त्यांच्या हाताशी एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई होते. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँग येथे सापडला होता. हाफकिन यांनी मांसाच्या रसात हे जंतू वाढविले. लोकभावना ध्यानात घेऊन त्यांनी गाईचे व डुकराचे मांस टाळले आणि बकऱ्याचे वापरले. या रसावर ते तुपाचे थेंब सोडत. तरंगणाऱ्या तुपाला धरून जंतूंचे झुपके खाली लोंबत वाढत. काही आठवड्यांनी बाटली तासभर गरम करून जंतू मारले जात आणि थोडे कार्बोलिक ॲसिड घालून ती बंद केली जाई. मेलेले जंतू रोग देऊ शकत नाहीत, मात्र शरीराला शत्रूची ओळख करून देतात, असे हे तत्त्व होते. आपल्या स्वयंपाकघरातील तुपाला वैद्यकाच्या इतिहासात असे स्थान मिळाले आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी तब्बल १० घनसेंटिमीटर लस स्वतःला टोचून घेतली. ही मात्रा पुढे लोकांना दिलेल्या मात्रेच्या कितीतरी पट होती. त्यांना ताप भरला आणि काही दिवस वेदना झाल्या, परंतु ते बरे झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील सुमारे निम्म्या कैद्यांनी स्वेच्छेने लस घेतली आणि त्यांच्यात आजार व मृत्यू यांचे प्रमाण इतर कैद्यांपेक्षा स्पष्टपणे कमी राहिले. ही लस पूर्ण संरक्षण देत नसे व तिचा त्रासही बराच होई. तरी त्या दिवसांत दुसरा उपाय नव्हता.

ते दिवस फार वाईट होते. मुंबईची जवळजवळ निम्मी वस्ती शहर सोडून गेली. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनी १० मार्च १८९७ रोजी प्राण सोडला. घरात घुसून रुग्णांना उचलून नेणाऱ्या सरकारी पथकांविषयी लोकांत संताप होता. त्यातूनच जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली. अशा वातावरणात सक्तीने लस टोचण्याऐवजी लोकांची संमती मिळवणे, हा हाफकिन यांचा मार्ग होता. आगाखान यांनी स्वतः लस घेऊन आपल्या खोजा बांधवांना धीर दिला आणि प्रयोगशाळेसाठी जागाही दिली.

ऑगस्ट १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. ही वास्तू मुळात पोर्तुगीज काळात जेझुइट धर्मगुरूंकडे होती. तेथे त्यांचे चर्च व मठ होता आणि १८व्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजांनी तो ताब्यात घेतला. जेथे एकेकाळी मिस्साबली अर्पण होत असे, तेथे आता लसीच्या बाटल्या भरल्या जाऊ लागल्या.

मग मुल्कोवालची घटना घडली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील या खेड्यात १०७ लोकांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण काही दिवसांनी धनुर्वाताने मरण पावले. ती १९ घरे उद्ध्वस्त झाली, हे विसरून चालणार नाही. पंजाबातील मोठी मागणी पुरविण्यासाठी हाफकिन यांनी लस बनविण्याच्या पद्धतीत बदल करून कार्बोलिक ॲसिड वगळले होते. चौकशी आयोगाने त्यावरच बोट ठेवले आणि बाटली मुंबईतच दूषित झाली असे मत दिले. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. १९०४ मध्ये ते भारत सोडून गेले.

परंतु गावात त्या दिवशी काय घडले होते? बाटलीचे बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. तो जंतुनाशकात जेमतेम बुडवून पुन्हा वापरण्यात आला. धनुर्वाताचे जंतू मातीतच राहतात. शिवाय बाटली भरून कित्येक आठवडे झाले होते. जंतू मुंबईहूनच आले असते तर एवढ्या काळात बाटलीला दुर्गंधी सुटली असती, पण ती उघडणाऱ्या डॉक्टरांना तसा वास आला नव्हता. हा पुरावा असूनही न्याय मिळण्यास पाच वर्षे लागली. मलेरिया डासांमार्फत पसरतो हे सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस यांनी पुढाकार घेतला. जुलै १९०७ मध्ये दहा शास्त्रज्ञांच्या सहीचे पत्र लंडनच्या टाइम्समध्ये छापून आले आणि वर्षअखेरीस सरकारने हाफकिन यांना पुन्हा सेवेत घेतले. हाफकिन हे वैद्य नव्हते, इंग्रज नव्हते आणि यहुदी होते. यांतील कोणती गोष्ट त्यांना अधिक भोवली हे सांगता येत नाही, परंतु तिन्हींचा भार त्यांच्यावर होता असे मला वाटते.

ते परतले, पण परळला नव्हे. त्यांना कलकत्त्याला नेमण्यात आले आणि लोकांवर लसीचे प्रयोग करण्यास मनाई करण्यात आली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ते निवृत्त होऊन युरोपला गेले. त्यांनी लग्न केले नाही. उत्तरायुष्यात ते अधिकाधिक धर्मनिष्ठ होत गेले आणि आपली मिळकत त्यांनी पूर्व युरोपातील यहुदी धर्मशाळांच्या शिक्षणासाठी ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

तत्पूर्वी, १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव देण्यात आले. तोवर तेथून प्लेगच्या लसीच्या अडीच कोटींहून अधिक मात्रा बाहेर गेल्या होत्या. नामकरणाची बातमी कळल्यावर हाफकिन यांनी आभाराचे पत्र पाठविले. आयुष्यातील उत्तम वर्षे आपण मुंबईच्या त्या कामात घालविली, असे त्यांनी त्यात कळविले होते. मुल्कोवालविषयीची तक्रार त्यांनी त्या वेळी उकरून काढली नाही.