सन्मानाची अट : विल्मा रुडॉल्फ यांचे जीवन

शोषितांच्या मुक्तीचा इतिहास केवळ सभा, सत्याग्रह आणि ग्रंथ यांतूनच घडतो असे नाही. तो क्रीडांगणावरही घडतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी आपल्या चळवळीचे नाते जुने आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ तेथील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना अर्पण केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अध्ययन केले आणि १९४६ साली कृष्णवर्णीयांचे विचारवंत डॉ. डु बॉइस यांना पत्र लिहून त्या लढ्याशी संवाद साधला. याच नात्याने विल्मा रुडॉल्फ या धावपटूचे चरित्र आम्ही आमच्या माजी विद्यार्थ्यांपुढे व पालकांपुढे ठेवीत आहोत. त्यांची तीन सुवर्णपदके जगाला ठाऊक आहेत. त्या पदकांमुळे लाभलेल्या मानाचे त्यांनी काय केले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

विल्मा यांचा जन्म २३ जून १९४० रोजी टेनेसी राज्यातील क्लार्क्सव्हिल शहराजवळ झाला. दिवस पूर्ण होण्याआधीच जन्मलेल्या या मुलीचे वजन जेमतेम दोन किलो होते. वडिलांच्या दोन विवाहांतील बावीस अपत्यांपैकी त्या विसाव्या. वडील रेल्वेत पोर्टर होते व मिळेल ते कामही करीत. आई ब्लँच गोऱ्यांच्या घरी घरकाम करीत असे. न्यूमोनिया व स्कार्लेट फीव्हर या आजारांनी बालपण पोखरले आणि पोलिओने डावा पाय लुळा केला. कृष्णवर्णीयांवर उपचार करणारे मेहॅरी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय सुमारे ऐंशी किलोमीटर दूर, नॅशव्हिलला होते. आई मुलीला घेऊन आठवड्यामागून आठवडे बसने तेथे जाई, आणि त्या बसमध्ये कृष्णवर्णीयांची जागा मागच्या बाजूसच असे. घरी आई व भावंडे आळीपाळीने दिवसातून चार वेळा पाय चोळीत. बाराव्या वर्षापर्यंत पायातला कॅलिपर सुटला. या मुलीला एका कुटुंबाच्या अखंड श्रमाने उभे केले, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो.

कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळ्या असलेल्या बर्ट हायस्कूलमध्ये त्या बास्केटबॉल खेळू लागल्या. तेथे टेनेसी स्टेट विद्यापीठाचे प्रशिक्षक एड टेंपल यांची नजर त्यांच्यावर पडली. टेंपल यांच्या महिला संघाला निधी तुटपुंजा असे. स्पर्धेसाठी मोटारीने जाताना वाटेतील उपाहारगृहांत कृष्णवर्णीयांना प्रवेश नसे, म्हणून या मुली जेवण पिशवीत बांधून नेत. रंगामुळे एक दार बंद आणि स्त्री म्हणून दुसरे, कारण मुलींचे धावणे त्या काळी तेथेही गौण मानले जाई. अशाच परिस्थितीतून विल्मा यांनी १९५६ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये रिले शर्यतीचे कांस्यपदक मिळविले.

१९५८ साली, शालेय शिक्षण संपत असतानाच, त्यांना कन्या झाली. अविवाहित मातेचे शिक्षण व खेळ दोन्ही येथेच संपावेत, अशी समाजाची रीत होती. परंतु कुटुंबाने बाळाची जबाबदारी उचलली, टेंपल यांनी संघाचे दार उघडे ठेवले आणि त्याच वर्षी विल्मा विद्यापीठात दाखल झाल्या.

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांनी १०० मीटरची अंतिम शर्यत ११ सेकंदांत जिंकली. पाठीमागच्या वाऱ्यामुळे ती वेळ विश्वविक्रम म्हणून नोंदली गेली नाही. २०० मीटरचे सुवर्णपदकही त्यांनी पटकाविले. तिसरे पदक ४ × १०० मीटर रिलेचे. त्यात मार्था हडसन, ल्युसिंडा विल्यम्स व बार्बरा जोन्स या त्यांच्या सहकारी होत्या आणि चौघीही टेनेसी स्टेटच्याच. एका ऑलिंपिकमध्ये मैदानी खेळांची तीन सुवर्णपदके जिंकणाऱ्या त्या पहिल्या अमेरिकन महिला ठरल्या. युरोपातील वृत्तपत्रांनी त्यांना काळी हरिणी म्हटले. कौतुकातही रंग व पशूची उपमा सुटली नाही, हे इतिहासाच्या अभ्यासकाने विसरू नये.

खरी कसोटी मायदेशी होती. क्लार्क्सव्हिलने मिरवणूक व मेजवानी ठरविली. राज्याचे गव्हर्नर ब्युफोर्ड एलिंग्टन हे वर्णविभक्तीचे उघड समर्थक म्हणून निवडून आलेले होते. शहरात गोऱ्यांच्या व कृष्णवर्णीयांच्या शाळा वेगळ्या, जेवणाच्या जागाही वेगळ्या. तेव्हा सत्काराच्या पंगतीही वेगळ्या बसणार होत्या. विल्मा यांनी कळविले, की असा सोहळा होणार असेल तर आपण त्यास येणार नाही. त्या वीस वर्षांच्या होत्या, एका मुलीची आई होत्या आणि ज्या विद्यापीठात शिकत होत्या ते याच राज्याच्या तिजोरीवर चालत होते. त्याच वर्षी नॅशव्हिलमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी उपाहारगृहांत शांतपणे बसून सत्याग्रह केला होता. ती हवा विल्मा यांच्याही भोवती होती.

शहराला त्यांची अट मानावी लागली. ४ ऑक्टोबर १९६० रोजी झालेली मिरवणूक व मेजवानी हे क्लार्क्सव्हिलच्या इतिहासातील पहिले पूर्णतः संमिश्र सार्वजनिक कार्यक्रम ठरले. हजारावर माणसे, गोरी व काळी, एकाच सभागृहात जेवली. खेळाडूंचा निषेध म्हटला की १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये मूठ उंचावणारे दोन पुरुष धावपटू आठवतात. त्याआधी आठ वर्षे एका तरुणीने आपल्या गावाला पंगत बदलायला लावली होती.

अर्थात एका मेजवानीने गाव बदलत नाही. १९६२ साली विल्मा यांनी स्पर्धांतून निवृत्ती घेतली. त्या काळच्या हौशी खेळाडूंच्या नियमांमुळे पदकांतून संपत्ती मिळाली नव्हती. १९६३ साली सरकारने त्यांना सदिच्छा दूत म्हणून पश्चिम आफ्रिकेत पाठविले. परत आल्या तेव्हा गावातील उपाहारगृहांची दारे कृष्णवर्णीयांना अजून बंदच होती. विल्मा यांनी तेथील एका उपाहारगृहापुढील आंदोलनात भाग घेतला. थोड्याच काळात महापौरांनी शहरातील उपाहारगृहांसह सर्व सार्वजनिक सुविधा सर्वांना खुल्या होतील, असे जाहीर केले.

त्याच वर्षी शिक्षणशास्त्राची पदवी घेऊन त्या शिक्षिका झाल्या. आपल्या बर्ट हायस्कूलमध्येही त्यांनी मुलींना धावणे शिकविले. १९८१ साली वंचित मुलांच्या क्रीडाशिक्षणासाठी त्यांनी प्रतिष्ठान स्थापिले. १२ नोव्हेंबर १९९४ रोजी मेंदूच्या कर्करोगाने, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आमच्या वसतिगृहातून बाहेर पडलेले कित्येक विद्यार्थी आज अधिकारी, अभियंते, शिक्षक, खेळाडू आहेत. ज्या गावांनी त्यांच्या आईवडिलांना वेशीबाहेर ठेवले, तीच गावे आज त्यांना शाल व श्रीफळ देण्यास बोलावितात. तो मान अवश्य घ्यावा; तो कष्टाने मिळविलेला आहे. परंतु त्या सभेत आपली वस्ती कोठे बसली आहे, आपल्या आया-बहिणी कोठे आहेत आणि जेवणाची पंगत एक आहे की दोन, हे व्यासपीठावर चढण्याआधी पाहून घ्यावे. दोन असतील, तर निमंत्रकांना विल्मा रुडॉल्फ यांची अट नम्रपणे सांगावी, एवढेच आमचे आमच्या लेकरांना सांगणे आहे.