मरहूम डॉ. फझलुर रहमान खान : गगनचुंबी इमारतींचे गणित मांडणारा अभियंता



बारावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते. मुलाला वा मुलीला अभियांत्रिकीला घालायचे, पण ते 'कॉम्प्युटर'लाच. सिव्हिल आणि मेकॅनिकलमध्ये आता काय उरले आहे? हा समज किती अपुरा आहे हे दाखविणारे एक चरित्र या स्मरणिकेतून आपल्यापुढे ठेवीत आहोत.

फझलुर रहमान खान यांचा जन्म 3 एप्रिल 1929 रोजी पूर्व बंगालमध्ये झाला. वडील अब्दुर रहमान खान हे गणिताचे जाणकार शिक्षक. मुलाचा ओढा पदार्थविज्ञानाकडे होता. वडिलांनी अभियांत्रिकीचा सल्ला दिला आणि मुलाने तो मानला. कलकत्त्याजवळच्या शिवपूर येथील इंजिनिअरिंग कॉलेजात शिकत असता 1950 साली दंगली उसळल्या व त्यांना ढाक्याला परतावे लागले. पदवी त्यांनी ढाक्यातच घेतली. 1952 साली शिष्यवृत्ती मिळवून ते अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात गेले. तेथे तीन वर्षांत त्यांनी दोन मास्टर्स पदव्या आणि डॉक्टरेट संपादन केली. त्या दोन पदव्यांपैकी एक बांधकामशास्त्राची होती, तर दुसरी यामिकीची, म्हणजे वस्तूवर भार आला असता ती किती वाकते, किती ताणते आणि केव्हा तुटते हे सांगणाऱ्या शास्त्राची. पुढच्या यशाचे मूळ येथे आहे, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

शिकागोच्या स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या कचेरीत त्यांनी उमेदीची वर्षे घालविली. त्या काळी उंच इमारत म्हणजे खांब आणि तुळयांचा सांगाडा असे. इमारत जसजशी उंच होई, तसतसा वाऱ्याला तोंड देण्यासाठी लागणाऱ्या पोलादाचा खर्च बेसुमार वाढे. खानसाहेबांनी प्रश्न उलटा मांडला. वेळूचे उदाहरण घ्या. तो आतून पोकळ असतो, परंतु बाहेरच्या कडेच्या बळावर वादळातही उभा राहतो. इमारतीचे बळही असेच बाहेरच्या भिंतींत आणले तर? या 'नळी'च्या कल्पनेतून 1969 साली शिकागोत शंभर मजल्यांची जॉन हॅनकॉक इमारत पूर्ण झाली. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीला दर चौरस मीटरला सुमारे 206 किलो पोलाद लागले होते. येथे सुमारे 145 किलोंत काम झाले. त्यानंतर नऊ नळ्या एकत्र बांधून 110 मजल्यांचा, 442 मीटर उंचीचा सिअर्स टॉवर उभा राहिला. 1973 पासून सुमारे पंचवीस वर्षे तो जगातील सर्वांत उंच इमारत होता.

आता संगणकाकडे वळू. अशा इमारतीत हजारो सांधे असतात आणि एक हलला की त्याचा परिणाम बाकीच्यांवर होतो. ही सारी समीकरणे हाताने सोडविणे अशक्यप्रायच. खानसाहेबांनी 1960 च्या दशकातच संगणक आपल्या कामाला जुंपला. परंतु यंत्राने दिलेले उत्तर बरोबर की चूक, हे ओळखण्यासाठी लागणारी समज त्यांनी आधी कमावलेली होती. अभियंत्याने आपल्या तंत्रात हरवून जाऊ नये, असा त्यांचा आग्रह असे. टागोरांच्या गीतांवर त्यांचे प्रेम होते, आणि 1971 साली मायदेशी संकट आले तेव्हा शिकागोत मदतनिधी उभारण्यात ते पुढे होते. जिद्द्याच्या विमानतळावरील हज टर्मिनलचे तंबूसारखे विशाल छत हे त्यांचे अखेरच्या काळातील काम. 27 मार्च 1982 रोजी जिद्द्यातच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय अवघे 52 वर्षांचे होते.

त्यांच्या विद्येची आज आपल्या दाराशी गरज आहे. ठाकूरद्वारच्या जुन्या चाळींच्या जागी उंच इमारती येत आहेत. जवळच गिरगाव आणि काळबादेवी ही भुयारी मेट्रो स्थानके ऑक्टोबर 2025 मध्ये सुरू झाली. दाट वस्तीच्या पोटात बोगदा खोदायचा, तर वरच्या घरांचा पाया किती खचेल याचे गणित आधी मांडावे लागते. त्यासाठी 'फायनाइट एलिमेंट' ही पद्धत वापरतात. हे नाव तिला 1960 साली रे क्लफ यांनी दिले. जमीन, खांब वा यंत्राचा भाग यांचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येकाचे समीकरण लिहायचे आणि ती सारी एकत्र सोडवायची, असे तिचे स्वरूप आहे. पुण्यातील मोटार उद्योगात गाडीची टक्कर आधी संगणकावरच घडवून पाहतात. अणुभट्टीच्या नळ्या, विमानाचे पंख, मोडलेल्या हाडात बसविण्याची पट्टी, सर्वत्र हेच शास्त्र लागते.

तेव्हा मार्ग असा आहे. सिव्हिल किंवा मेकॅनिकलची पदवी घ्या. गणिताचा कंटाळा करू नका. संगणकाची एखादी भाषा शिका. नुसते तयार सॉफ्टवेअर चालविणाऱ्याची जागा दुसरा सहज घेतो. त्यामागचे शास्त्र जाणणाऱ्याची तशी घेता येत नाही. नंतर 'गेट' परीक्षा द्या. पवईची आय.आय.टी., माटुंग्याचे व्ही.जे.टी.आय., पुण्याचे सी.ओ.ई.पी. तंत्रज्ञान विद्यापीठ, ही दारे आपल्या जवळच आहेत. 'गेट'मधून एम.टेक.ला गेलेल्यास विद्यावेतन मिळू शकते, आणि संशोधनासाठीही शिष्यवृत्त्या आहेत.

पालकहो, पदवी मिळताच मुलाच्या पगाराकडे डोळे लागतात. घरची ओढाताण असते, हे खरे. परंतु फझलुर खान यांनी पदवीवर समाधान मानले असते, तर वेळूसारखी पोकळ इमारत त्यांना सुचली असती का? ज्याला वा जिला या विषयाची खरी गोडी आहे, त्यांना आणखी काही वर्षे शिकू द्या. विशेषतः मुलींना. या कामाला अंगातली ताकद लागत नाही. शांत डोके आणि चिकाटी लागते, आणि ती आपल्या मुलींत भरपूर आहे.