परतवाड्याचा गडवेडा

सुट्ट्या लागल्या की घरोघरी एकच वाद रंगतो. पोरगी म्हणते, सगळ्या गडावर चालल्या, मीही जाते. आई म्हणते, काही नको, घरीच बस. हा वाद ऐकला की मला आपल्याच वऱ्हाडातला एक माणूस आठवतो. गोपाल नीलकंठ दांडेकर, म्हणजे आपल्या सगळ्यांचे गोनीदा.

८ जुलै १९१६ रोजी परतवाड्यात त्यांचा जन्म झाला. मागे सातपुड्याच्या रांगा, वर चिखलदरा आणि गाविलगड. सातवीत शिकत असताना, अवघ्या तेराव्या वर्षी, स्वातंत्र्याच्या चळवळीसाठी हे पोर घर सोडून निघालं. त्या माउलीच्या जिवाचं काय झालं असेल, ते आपण बायाच समजू शकतो!

पुढे ते गाडगेबाबांच्या सहवासात आले. बाबाही अमरावती जिल्ह्यातल्याच शेंडगावचे. आधी गाव झाडायचं, मग भाकरी मागायची, ही त्यांची रीत. नंतर गोनीदांनी नर्मदेची परिक्रमा केली. नदी सतत उजव्या हाताला ठेवून पायी चालायचं आणि मिळेल ते गोड मानून खायचं. या अनुभवातूनच ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ ही कादंबरी आली.

पुण्याजवळ तळेगाव दाभाड्याला घर झालं, तरी पाय काही थांबले नाहीत. राजगडावर तर त्यांचा भारी जीव. गळ्यात कॅमेरा अडकवून ते किल्ले हिंडले आणि कितीतरी तरुण मुलामुलींना त्यांनी गडांची गोडी लावली. ‘माचीवरला बुधा’ राजमाचीच्या परिसरात घडते. ‘जैत रे जैत’वर १९७७ साली निघालेला सिनेमा तर आपण पाहिलाच असेल. ‘स्मरणगाथा’ला १९७६ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि १९८१ साली आपल्या अकोल्यातच ते मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. १ जून १९९८ रोजी ते गेले.

मला त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. तेराव्या वर्षी ते निघाले, तेव्हा वाट दाखवणारं कुणी सोबत नव्हतं. पुढे त्यांच्याबरोबर गडावर जाणाऱ्या पोरांना मात्र वाट ठाऊक असलेला वडीलधारा माणूस होता. फरक एवढाच, पण केवढा मोठा!

आमच्या मंडळातर्फे आम्ही मुलींना अकोटजवळच्या नरनाळा किल्ल्यावर नेतो, तेव्हा हाच विचार मनात असतो. भोवती मेळघाटचं वाघाचं जंगल, म्हणून वनखात्याची परवानगी आधी काढायची. पालकांचा होकार लेखी घ्यायचा. सगळ्यांच्या नावांची यादी एक आपल्याजवळ, एक गावात ठेवायची. वाट माहीत असलेला गावातला माणूस पुढे, मोठी बाई शेवटी, आणि मुलींच्या जोड्या. जोडीदारीण दिसली नाही की लगेच सांगायचं. गडावरच्या तलावात उतरायचं नाही, मोहोळाखाली धूर करायचा नाही, अत्तर लावायचं नाही. अंधार पडायच्या आत खाली यायचं.

पण नुसतं सांभाळून नेलं म्हणजे झालं नाही. पाणी आणि डबा ज्याचा त्याने उचलायचा, शिळा डबा त्याच पोरीने धुवायचा, कचरा परत आणायचा. पायाला फोड आला तर पट्टी कशी बांधायची, रस्ता चुकला तर जागीच थांबून शिटी कशी वाजवायची, हे घरीच शिकवून ठेवायचं. घरात पाण्याचा गिलासही हातात मागणारी पोर दोन तासांत दुसरीची पिशवी धरायला लागते, हे मी पाहिलंय.

आपण भीतीपोटी पोरींना घरात बसवतो. पण उद्या कॉलेजला, नोकरीला, सासरी त्या एकट्याच जाणार ना? तेव्हा कामी पडेल ती आपली सोबत नाही, त्यांची शिकलेली हिंमत. म्हणून माय, नाही म्हणण्याआधी एवढं विचारा: सोबत कोण आहे, परवानगी घेतली का, परत किती वाजता येणार? उत्तरं नीट मिळाली, तर डबा भरून द्या अन् जाऊ द्या.