ताराबाई मोडक आणि आमच्या बालवाडीची दिवाळी



स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला, तेव्हा मी नारळीपाकाच्या लाडवांची कृती देऊ केली. पण पाककृती आधीच अकरा येऊन पडल्या होत्या. मग मी बालवाडीविषयी लिहावे असे ठरले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. लेख लिहिण्याची ही पहिलीच वेळ. गेली सहा वर्षे मी मंडळाच्या बालवाडीत बाईंच्या हाताखाली काम करते. मुलांची नाके पुसणे, खळ शिजवणे, कात्र्या मोजून ठेवणे ही माझी कामे. त्यावर दोन पाने लिहिली आणि फाडून टाकली. जिच्यामुळे आपल्याकडे बालवाड्या घरोघर माहीत झाल्या, त्या बाईविषयी लिहावे असे मनात आले. तिचे नाव ताराबाई मोडक.

पण आधी माझी चूक सांगते, कारण ताराबाईंची ओळख मला तिच्यामुळेच झाली.

गेल्याच्या गेल्या दिवाळीत मुलांकडून आकाशकंदील करून घ्यायचे ठरले. घोटीव कागद, सोनेरी पट्टी, तयार कामट्या, सगळे बाजारातून आणायचे म्हणून प्रत्येकी तीस रुपये पाठवा अशी चिठ्ठी मी लिहून दिली. चिठ्ठी माझ्या हातची, हिशेबही माझा. बावीस मुलांपैकी एकवीस जणांचे पैसे आले. एक मुलगी त्या दिवसापासून आलीच नाही. मला वाटले तापबीप असेल. पाचव्या दिवशी भाजीच्या गाडीपाशी मायलेकी भेटल्या. मला पाहताच पोर आईच्या पदराआड गेली. आईची मजुरी अडकली होती. रिकाम्या हाताने बालवाडीत जायला पोर तयार नव्हती. आईने हे अगदी साधेपणाने सांगितले, तक्रार म्हणून नव्हे. मी पिशवी उचलून घरी आले. भाजी तशीच गाडीवर राहिली. त्या वर्षी आमच्या बालवाडीत एकवीस आकाशकंदील लागले आणि सर्वांनी वाहवा केली.

त्या सुट्टीत मंडळाचे कपाट आवरताना ताराबाईंवरचे एक जुने पुस्तक हाती लागले. दुपारची कामे उरकून रोज थोडे थोडे वाचले. त्यातले, आणि पुढे बाईंनी आणून दिलेल्या पुस्तकांतले, जे मनात राहिले ते सांगते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव प्रार्थनासमाजाचे. त्यांनी एका विधवेशी विवाह केला होता, त्याच ताराबाईंच्या आई उमाबाई. त्या काळी अशा घरावर लोकांनी किती बोटे दाखवली असतील ते आपण बायका न सांगता समजू शकतो. मुलगी मात्र शिकली. १९१४ साली मुंबई विद्यापीठाची बी.ए. झाली. दुसऱ्या वर्षी अमरावतीच्या मोडक वकिलांशी लग्न झाले. तो संसार टिकला नाही. १९२१ साली त्या वेगळ्या झाल्या. कारणे उकरण्यात मला अर्थ दिसत नाही. लहान मुलगी पदरात घेऊन त्या राजकोटला बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या मुख्याध्यापिका झाल्या.

आता कोणालाही वाटेल की सुटली बिचारी, मानाची जागा मिळाली, मुलीला वाढवील आणि स्वस्थ राहील. पण भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे एक गृहस्थ होते. ते मूळचे वकील. वकिली सोडून ते दक्षिणामूर्ती संस्थेत गेले आणि १९२० साली त्यांनी अगदी लहान मुलांसाठी बालमंदिर काढले. छडी नाही, परीक्षा नाही, बक्षिसाचे आमिष नाही. इटलीच्या माँटेसोरीबाईंची पद्धत त्यांनी घेतली आणि तिला आपल्याकडची गाणी, गोष्टी, नाटके जोडली. ताराबाईंनी मुख्याध्यापिकेची जागा सोडली आणि १९२३ साली त्या बालमंदिरात दाखल झाल्या. मोठे कॉलेज सोडून तीन-चार वर्षांच्या मुलांत! आमच्या घरात कोणी असे केले असते तर सासूबाईंनी अंगारा लावून आणला असता.

भावनगरला त्या नऊ वर्षे होत्या. १९२६ साली दोघांनी मिळून नूतन बालशिक्षण संघ काढला. गिजुभाईंची शिक्षणपत्रिका गुजरातीत निघे. १९३३ पासून मराठी शिक्षणपत्रिका ताराबाई चालवू लागल्या. १९३६ मध्ये त्यांनी मुंबईला दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू केले आणि बालशिक्षिका तयार करण्याचे कामही हाती घेतले. १९३९ साली गिजुभाई गेले. पुढे ताराबाई काही वर्षे मुंबईच्या विधानसभेतही होत्या. शहरात नाव झाले होते.

आणि मग १९४५ साल. ह्याच्यापुढे मी वाचताना पान दुमडून ठेवले आहे.

ताराबाई त्रेपन्न वर्षांच्या होत्या. ह्या वयात आपण गुडघ्यांना तेल चोळतो. त्या उठून बोर्डीला गेल्या. बोर्डी समुद्राकाठचे गाव, तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. सोबत अनुताई वाघ होत्या. अनुताई बालपणी विधवा झालेल्या, शिक्षिका असलेल्या. त्या ह्या कामात पडल्या त्या अखेरपर्यंत, म्हणजे १९९२ पर्यंत. बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र निघाले.

तिथे पहिला प्रश्न साहित्याचा आला. माँटेसोरीची साधने लाकडाची, मोजूनमापून केलेली. दट्ट्यांच्या पेट्या, मनोरा, जिना, सगळे महाग. खेडेगावात ते कोण घेणार? तेव्हा त्यांनी गावातच पाहिले. किनाऱ्यावर शंखशिंपले होते. झाडाखाली बिया, पाने, फुले होती. खडे होते, माती होती. लहानमोठे शिंपले ओळीने लावले की जिन्याचे काम झाले. बिया रंगाप्रमाणे निवडल्या की डोळा तयार झाला, मोजल्या की गणित झाले. पाने ओवली की बोटांना वळण लागले. हे सर्व मूल येताना वाटेवर वेचू शकत होते. त्यासाठी कोणाच्या आईला कनवटीची गाठ सोडावी लागत नव्हती.

हे वाचले आणि माझ्या तीस रुपयांच्या चिठ्ठीची आठवण होऊन कानशिले तापली.

दुसरा प्रश्न अधिक कठीण होता. गावातल्या बालवाडीत, ज्याला तेव्हा हरिजनवाडा म्हणत, तिथली मुले येत ना. वरच्या जातींचा विरोध होता आणि त्या मुलांच्या आईबापांच्या मनात धास्ती होती. दुसरी एखादी बाई म्हणाली असती, दार उघडे आहे, येत नाहीत त्याला मी काय करू? मी तरी तेच म्हटले असते. ताराबाईंनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. साहित्य बरोबर घ्यायचे, वस्तीत जायचे, अंगण झाडायचे, मुलांना न्हाऊ-माखू घालायचे, केस विंचरायचे, आणि तिथेच गाणी, गोष्टी, खेळ सुरू करायचे. हळूहळू आया दाराशी येऊन उभ्या राहत. अशी अंगणवाडी निघाली. १९७५ साली सरकारने २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी हे नाव देशभर झाले. ते पाहायला ताराबाई नव्हत्या. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले होते.

१९५७ मध्ये काम बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. भोवती वारल्यांचे पाडे. तिथली मुले शाळेत येत नसत, कारण मोठी मुले गुरे राखत आणि जरा लहान मुली कडेवरचे भावंड सांभाळत. भावंडाला टाकून यायचे कसे? म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आली. भाऊ पाळणाघरात, बहीण वर्गात. त्या सगळ्याला विकासवाडी म्हणत. गुराख्यांसाठी शिक्षक कुरणात जाऊ लागले. गुरे चरताहेत आणि झाडाखाली शाळा भरली आहे, तिचे नाव कुरणशाळा. १९६२ साली सरकारने ताराबाईंना पद्मभूषण दिले. मला त्याहून ते पाळणाघर मोठे वाटते, ह्याचे कारण मी थोरली बहीण आहे. सातवीनंतर माझी शाळा सुटली ती धाकट्या भावाला सांभाळण्यासाठीच.

गेल्या माघात मंडळाची सहल डहाणूच्या महालक्ष्मीला गेली, तेव्हा मी हट्टाने सगळ्यांना बोर्डीच्या किनाऱ्यावर नेले. सुरूच्या झाडांखाली डबे सोडले. पुष्कळ जणींनी मला हसून घेतले, कारण मी साडीच्या ओच्यात शिंपले गोळा करीत होते. नंतर कोसबाडच्या टेकडीकडे पाहून हात जोडले.

ते शिंपले मुलांनी चैत्रगौरीच्या आराशीला मांडले. श्रावणात बाजारचे रंग न आणता भेंडी आडवी चिरून ठसे काढले, हळदीचे पिवळे, बिटाचे लाल. नागपंचमीला कुंभाराकडची माती आणली. नाग कमी आणि गांडुळे जास्त झाली, पण प्रत्येकाला आपला ओळखू येत होता. पोळ्याचे बैल त्याच मातीचे. दसऱ्याला आपट्याची पाने मोजायला घेतली, त्यात एकाने पंचवीस खिशात घातली म्हणून रडारड झाली. हेही लिहिले पाहिजे, नाहीतर आमची मुले फारच गुणी वाटतील. बाईंना आरंभी हे सर्व गबाळे वाटत होते. भिंतीवर चकचकीत काही दिसत नाही असे पालकही म्हणू लागले. दोघी जणींनी वर्गणी देते पण कागद आणा असे सुचवले. मी अध्यक्षीणबाईंकडे जाऊन भांडले. आयुष्यात पहिल्यांदा.

मग परवाची दिवाळी आली. ह्या खेपेस चिठ्ठी लिहिली नाही. मुलांना एवढेच सांगितले की घरात टाकून द्यायची जी वस्तू असेल ती आणा. जुनी वर्तमानपत्रे आली, करवंट्या आल्या, खराट्याच्या काड्या, लग्नपत्रिका, साडीचे फाटके काठ. मी गव्हाच्या पिठाची पातेलेभर खळ शिजवली. खराट्याच्या काड्यांचे सांगाडे झाले, त्यांवर कागद. वाकडे होते सगळे. अंगणात किल्ला घ्यायचा तर माती कशी कालवावी ह्यावर आमचे एकमत होईना. तेव्हा त्या मुलीची आई, जी बांधकामावर जाते, आपण होऊन पुढे आली. तिने पदर खोचला आणि माती, विटांचे तुकडे, गोणपाट घेऊन दोन तासांत बुरूज उभा केला. तिची मुलगी सगळ्यांना सांगत होती की तटाला आधी पाणी मारायचे असते. मोठमोठी मुलेही तिचे ऐकत होती.

बावीस कंदील झाले. एकाला आग लागता लागता राहिली, म्हणून आत पणत्यांऐवजी दिव्यांची माळ सोडली.

संक्रांतीला पतंग आणि हलव्याचे दागिने करायचे आहेत. तेव्हा भगिनींनो, करवंट्या, लोकरीचे तुकडे आणि जुन्या पत्रिका फेकू नका. सोमवार ते शुक्रवार सकाळी दहा ते बारा मी बालवाडीत असते, तिथे आणून द्या. आणि कोणाच्या घरी कडेवरचे भावंड सांभाळायला राहिलेली मुलगी असेल तर तिला भावंडासकट पाठवा. कोपऱ्यात आम्ही एक झोळी बांधली आहे.