पेनिसिलीनच्या आधीचे डॉ. वॉनलेस

मूळचे कॅनडाचे डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सांगलीजवळच्या मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केले. त्यांच्याकडे शस्त्रक्रियेसाठी दूरदूरहून रुग्ण येत. जखम चिघळू नये म्हणून हाती होती ती फक्त स्वच्छता आणि जंतुनाशके. फ्लेमिंग यांना पेनिसिलीन सापडले १९२८ मध्ये. रुग्णांना ते मिळू लागले १९४० च्या दशकात. वॉनलेस १९३३ मध्येच निवर्तले होते.

आज साध्या सर्दीलाही अँटिबायोटिक घेतले जाते. सर्दी विषाणूंमुळे होते. त्यांच्यावर ते चालत नाही. उलट, अंगातले जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात. मग सातारा असो वा सांगली, साध्या शस्त्रक्रियेलाही वॉनलेस यांच्या काळातली जोखीम परत येते.